फॉस्फरसची खालची मर्यादा

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

डायलिसिसची वही वेगळी आहे. तिच्यात वजन, बीपी, किती पाणी काढलं, हे लिहितो आणि ती डॉक्टरांना दाखवावी लागते. ही वही माझी. ही कोणाला दाखवायची नाही.

आज खुशबूशिवाय पहिला डायलिसिस केला. सकाळी सात वाजता बायकोच्या, सुशीलाच्या डाव्या हाताला दोन सुया लावल्या, दुपारी एकला काढल्या. सहा तासांत मशीन दोनदा ओरडली. एकदा नळी वाकली होती, एकदा काहीच नव्हतं, सवय म्हणून ओरडली. एकतीस वर्षं स्टील प्लांटच्या पॉवर हाउसमध्ये बॉयलर चालवला मी. ओरडणाऱ्या मशीनला घाबरणारा माणूस नाही.

सात वर्षं सुशीला आठवड्यातून तीनदा सेंटरला जात होती. मधल्या दिवसांत अंगात पाणी साचायचं, पाय सुजायचे, आता हृदयही थकलं. रायपूरच्या डॉ. शिल्पा मॅडम म्हणाल्या, हृदय वाचवायचं तर रोज डायलिसिस करा, घरी करा, जास्त वेळ करा. आठवड्यातून सहा दिवस, सहा तास. लोकांनी मला वेड्यात काढलं. रिसालीतल्या आमच्या घरी समोरच्या खोलीत लेकीचं, प्रांजलीचं अभ्यासाचं टेबल होतं, तिथे आता मशीन आहे आणि शेजारी पाणी शुद्ध करायचा प्लांट. खुशबू वर्मा ही टेक्निशियन, बारा वर्षांचा अनुभव. तिनं दीड महिना रोज येऊन शिकवलं. आता फक्त शनिवारी येईल.

सुया काढून झाल्यावर सुशीला म्हणाली, "पास झाले, फोरमन साहेब."

मी फोरमन कधीच नव्हतो. ती चिडवते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पायांची सूज गेली. खाज गेली. काल तिनं दोन उशांऐवजी एका उशीवर झोप काढली. आणि आज संध्याकाळी स्वतः कॅरम बोर्ड पुसून काढला. आजारी पडायच्या आधी महिला मंडळाच्या स्पर्धेत ती तीनदा पहिली आली होती. एकोणीस जानेवारीला स्पर्धा आहे, नाव देते म्हणाली. मला पंधरा मिनिटांत हरवलं. मी मुद्दाम हरलो असं ती प्रांजलीला फोनवर सांगत होती. मुद्दाम नव्हतो हरलो.

२ डिसेंबर, सोमवार

महिन्याचा रिपोर्ट आला. फॉस्फरस ३.६!

सात वर्षांत हा आकडा सातच्या खाली मी पाहिला नव्हता. डाळ, दूध, दही, शेंगदाणे, अंडी, जे जे माणसाला आवडतं त्या सगळ्यात फॉस्फरस. किडनी तो बाहेर टाकत नाही, मग तो रक्तात साचतो, अंग खाजतं, हाडं ठिसूळ होतात. म्हणून फ्रिजवर माझ्या हातची यादी लावलेली आहे, काय चालतं आणि काय चालत नाही. दुसरा रकाना लांब आहे. आणि जेवणासोबत दर वेळी तीन गोळ्या, ज्या अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून टाकतात.

रिपोर्ट मॅडमच्या क्लिनिकला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिथे भैय्याजी म्हणून एक जुने गृहस्थ आहेत, रिपोर्ट तेच बघून मॅडमपुढे ठेवतात. उत्तर आलं, 'छान. जेवणाच्या गोळ्या कमी करायचं अठराच्या भेटीत ठरवू.'

सुशीलानं लगेच डाव टाकला. "आता रोज रक्त धुऊन राहिले ना? मंग एक वाटी दही खाल्लं तं काय होते?"

"याच फॉस्फरसनं सात वर्षं खाजोलं तुले. नाई म्हनजे नाई."

"मानूस हाय मी. बॉयलर नाई."

बॉयलरचा मान जास्त होता, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

७ डिसेंबर, शनिवार

खुशबू आली. मशीन पाहिली, पाणी तपासलं, डायलिसिसच्या वहीवर खूश झाली. जाताना विचारलं, "काकाजी, खाने वाली गोली अभी भी तीन-तीन चल रही है?"

"हां. लिखी हुई है."

"मैडम से एक बार पूछ लीजिए. अब तो रोज डायलिसिस है."

चांगली पोरगी आहे, पण या लोकांना प्रत्येक गोष्ट विचारायची सवय असते. मी सात वर्षं हे पथ्य सांभाळतो आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

उद्याची रायपूरची भेट रद्द केली. सकाळचं धुकं, जाऊन-येऊन पूर्ण दिवस, वर एक डायलिसिस बुडणार. भैय्याजींना फोन केला, सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, ठीक है, नया रिपोर्ट आए तो भेज दीजिए, मैडम देख लेंगी. गोळ्या कमी करायचं राहिलं. पण बरोबर चाललेल्या यंत्राला कोण हात लावतो?

२ जानेवारी २०२५, गुरुवार

फॉस्फरस २.१!!

ग्राफ पेपर आणला. ७.८, ७.२, ३.६, २.१. पेन्सिलनं रेघ ओढली. अशी सरळ खाली येणारी रेघ पॉवर हाउसमध्ये दाखवली असती तर साहेबांनी पाठ थोपटली असती. सिविक सेंटरच्या बाजारातून पेढे आणले आणि शेजाऱ्यांना वाटले. सुशीलाला दिला नाही, पेढ्यात खवा असतो. ती खिडकीत बसून मला गेटागेटावर जाताना पाहत होती.

रिपोर्ट पाठवायचा राहिला. पाठवू. चांगल्या बातमीची घाई नसते.

६ जानेवारी, सोमवार

आज घरात भांडण झालं आणि माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

कॅरमची पावडर संपली म्हणून डबा उघडला. आत शेंगदाणे. भाजलेले, सोललेले, अर्धा डबा. म्हणजे दुपारी मी आंघोळीला गेलो की बाई कॅरमचा सराव करतात तो हा.

"हे कवापासून?"

"दिवाळीपासून."

"सुशीला, मी इतं जिवाचं रान करून राहिलो अन् तू..."

"भूक लागते मले." ती रडत नव्हती, ते बरं झालं. "तुमी म्हनता ते सारं आयकते. सुई लावता, हात देते. पन भूक लागते. पोटातली नाई, अंगातली. तुमाले नाई समजनार."

अंगातली भूक असं काही असतं का? शेंगदाणे गेटाबाहेर गायीला टाकले. डाळीचे, फुटाण्याचे डबे वरच्या फळीवर ठेवले. तिथे तिचा हात पोचत नाही. खरं तर पूर्वी पोचायचा. आता हात डोक्याच्या वर नेताना ती थांबते. थंडीमुळे सांधे आखडतात.

दिवसभर बोलली नाही. चालेल. ३१ वर्षांत बॉयलरही माझ्याशी कधी बोलला नाही आणि तरी ठीक चालला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. डायलिसिस आटोपल्यावर तिनं हळदीकुंकू ठेवलं. पंधरा-वीस बायका आल्या. तिळाचे लाडू तिनंच वळले, एकही खाल्ला नाही, मी समोर बसलो होतो. बायका गेल्यावर सतरंजीवरून तिला उठता येईना. दोन्ही हात जमिनीला टेकवले, तरी नाही. मग मी बगलेत हात घालून उठवलं. "पाय मुंग्यायले," म्हणाली. बसून-बसून होतं असं. उद्यापासून संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालवणार. तीन फेऱ्या.

१९ जानेवारी, रविवार

पहिल्याच फेरीत हरली.

समोर शाळेतली निवृत्त बाई होती, जिला सुशीलानं पूर्वी चष्मा पुसायलाही वेळ दिला नव्हता. सुशीलाचा नेम बरोबर होता, मी तिच्या मागेच उभा होतो. स्ट्रायकर सरळ जायचा आणि सोंगटीपाशी पोचून थकून थांबायचा. राणी पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवली, दोनदा, तिसऱ्यांदा. समोरच्या बाईनं ती नुसती आत ढकलली.

ऑटोत मी म्हणालो, "सराव कमी पडला. शेंगदाणे खात बसली, सराव नाई केला."

ती दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहत राहिली. "हातात जोरच नाई राह्यला हो," म्हणाली. "कोनी काढून घेतल्यावानी."

मी वय काढलं. बासष्ट वर्षं, सात वर्षांचं आजारपण. तिनं मान हलवली. खरं म्हणजे तिनं माझ्याशी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

२० जानेवारी, सोमवार

बंगळुरूहून प्रांजलीचा फोन. आईशी बोलून झाल्यावर फोन मला द्यायला सांगितला. "बाबा, आईचा आवाज असा काऊन येऊन राहिला? दो शब्द बोलके रुक रही है वो."

मी म्हणालो, स्पर्धा हरली, मन खट्टू आहे. आणि ग्राफचा फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला. तिला यातलं काय कळतं, ती बँकेत आहे.

२५ जानेवारी, शनिवार

खुशबूनं आज मशीनकडे पाहिलंच नाही. आल्या-आल्या सुशीलाला म्हणाली, काकी, हात ऊपर कीजिए. हात खांद्यापर्यंत आले आणि कापायला लागले. मग म्हणाली, खुर्चीवरून हात न टेकता उठा. नाही उठता आलं. खुशबूनं मागचा रिपोर्ट मागितला. मी कौतुकानं ग्राफ पुढे केला.

तिनं तो बराच वेळ हातात धरला. "काकाजी, दो पॉइंट एक तो कम है."

"कमीच तं पाहिजे!"

"इतना नहीं. मैडम ने क्या कहा?"

मी म्हणालो, मैडम को सब मालूम है. तिनं पुढे काही विचारलं नाही, पण सुशीलाचं रक्त काढून सोबत घेऊन गेली. सोमवारी रिपोर्ट मी खुद मैडम को दिखाऊंगी, म्हणाली. मला राग आला. माझ्या घरात, माझ्या मशीनवर.

ती गेल्यावर एक विचार आला, तो लिहून ठेवतो. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्यात मी स्वतः फॉस्फेट सोडायचो. दर शिफ्टला मोजायचो. तो शून्यावर आला तर पाणी नळ्यांनाच खायला लागतं, हे नवीन पोरांना मीच शिकवायचो. पण ते लोखंड. शरीराचं शास्त्र वेगळं असतं. वेगळं असणारच.

२८ जानेवारी, मंगळवार. रायपूर, हॉस्पिटल

काल सकाळी साडेसहाला मी मशीन धुवत होतो. बाथरूममधून काहीतरी पडल्याचा आवाज आला, बादलीसारखा. सुशीला भिंतीला पाठ लावून बसली होती, जणू आपणहून बसली. डोळे उघडे. मी विचारलं कुठे लागलं? तिनं उत्तर दिलं नाही, कारण तिला श्वास पुरत नव्हता. छाती वर यायची, अर्ध्यात थांबायची. घाबरून माणूस भराभर श्वास घेतो तसं नव्हतं ते. छातीलाच उचलायचं त्राण नव्हतं.

मी खुशबूला फोन केला. तिनं लॅबला फोन करून शनिवारच्या रक्ताचा आकडा मागवला आणि अँब्युलन्ससोबतच आली. फॉस्फरस १.१.

गाडीत तिनं मॅडमना आकडा सांगितला. मॅडमचं एकच वाक्य मला ऐकू आलं, "सीधे आईसीयू लाइए."

सुशीलाला आत नेलं. फाइल माझ्या मांडीवर होती. हातांना काहीतरी हवं म्हणून मी ती उघडली. सप्टेंबरमध्ये मॅडमनी दिलेला सूचनांचा कागद वर होता. फॉस्फरस: ५.५ च्या वर गेल्यास कळवा. त्याखाली दुसरी ओळ. २.५ च्या खाली गेल्यास लगेच कळवा, गोळ्या बंद कराव्या लागतील. त्याच अक्षरात, तेवढ्याच शाईत. चार महिने ती ओळ तिथे होती. मला सात वर्षं फक्त वरची मर्यादा माहीत होती, म्हणून खालचं मी कधी वाचलंच नाही.

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, शिरेतून हळूहळू फॉस्फेट देतो आहोत, घाईनं देता येत नाही. रोजचा लांब डायलिसिस रक्तातला फॉस्फरस ओढून नेत होता, पथ्यानं नवीन आत येत नव्हता आणि जे काही येत होतं ते गोळ्या बांधून टाकत होत्या. फॉस्फरस नसेल तर स्नायूला ताकद मिळत नाही. श्वासही स्नायूच घेतो. मग त्यांनी विचारलं, "दोन जानेवारीचा २.१ चा रिपोर्ट माझ्यापर्यंत आला कसा नाही?"

मी म्हणालो, "पाठवला होता, मॅडम."

आतल्या पलंगावरून सुशीलानं मान वळवली. दार उघडंच होतं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "मग आमच्याकडे सुटला. माफ करा," म्हणाल्या.

त्यांनी माझी माफी मागितली.

३१ जानेवारी, शुक्रवार

वॉर्डात आणलं. २.६. आज तिनं माझा हात न धरता कूस बदलली. कंगवा मागितला, स्वतः केस विंचरले, अर्धे. उरलेले मी.

मॅडमना तिनंच शेंगदाण्यांची गोष्ट सांगितली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डिसेंबरभर त्या शेंगदाण्यांनी तुम्हाला थोडंफार सांभाळलं असेल."

सुशीला माझ्याकडे पाहून म्हणाली, "गायीले पावले ते."

खोटं बोललो त्याबद्दल तिनं अजून एक शब्द काढलेला नाही. कदाचित तिनं ऐकलं नसेल. आयसीयूत आवाज खूप असतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

घरी. जेवणाच्या गोळ्या बंद. फ्रिजवरची यादी काढली आणि नवीन लिहिली: दही तीन वेळा, डाळ दोन वाट्या, अंडी, पनीर, शेंगदाण्याची चटणी. शेजारी वेळा टाकल्या आणि खूण करायला चौकटी आखल्या.

दुपारी तिसरी वाटी घेऊन गेलो तर म्हणाली, "आधी खाऊ देत नोयते, आता खा खा करून जीव घेऊन राहिले. मले इचारा तरी, भूक लागली का म्हनून."

विचारलं. लागली नव्हती. वाटी मी खाल्ली. सात वर्षं घरात दही लावलं नव्हतं, मला विसर पडला होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एवढं खाऊनही २.०. मॅडमनी फोनवर समजावलं. दोष खाण्याचा नाही. मशीन आठवड्याला छत्तीस तास फॉस्फरस बाहेर काढते, तेवढा तोंडानं भरून निघत नाही. डायलिसिस कमी करायचा नाही, हृदय त्यावरच सुधारलं आहे. म्हणून मशीनच्या द्रावणातच ठरावीक माप फॉस्फेट मिसळायचं, म्हणजे रक्तातून तेवढं ओढलं जाणार नाही. माप चुकलं, जास्त झालं, तर कॅल्शियम घसरतं. दोन्ही बाजूंना कडा आहे.

खुशबूनं औषधाची बाटली, सिरिंज आणि द्रावणाचा कॅन पुढे ठेवला. "काकाजी, आपके लिए तो ये पुराना काम है."

खरं होतं. एकतीस वर्षं फॉस्फेट मापलं मी. सिरिंज भरायला घेतली आणि हात असा थरथरला की सुई बाटलीच्या तोंडात जाईना. दोनदा. तिसऱ्यांदा मी सिरिंज खाली ठेवली. या हातानं डबे वर ठेवले होते.

"इकडे द्या," सुशीला म्हणाली. पलंगावर बसून, चष्मा लावून, तिनं माप भरलं. रेघेवर बरोबर. मग मोठ्यानं आकडा वाचला. मला म्हणाली, तुमीबी वाचा. मी वाचला. खुशबूनं वाचला. मग कॅनमध्ये सोडलं.

"आजपासून हे मी करीन," सुशीला म्हणाली. "अन् रिपोर्टबी माह्या फोनवर मांगवा."

जाताना खुशबू सहज बोलून गेली. मॅडमनी भैय्याजींकडून रिपोर्टचं काम काढून घेतलं. आता ते मागच्या खोलीत फाइली लावतात. बेचारे चार दिन फोन में वही रिपोर्ट ढूंढते रहे. चष्मे का नंबर भी बदलवा लिया.

मी मशीनकडे पाहत होतो. सुशीला माझ्याकडे पाहत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टीचा दिवस. तीन वेळा फोन हातात घेतला. आता बोलून काय होणार, असं वाटतं. सुशीला बरी होते आहे, तेच महत्त्वाचं. मॅडमचा विश्वास उडाला तर उद्या अडचणीत कोणाकडे जायचं? आणि भैय्याजींचं काम गेलेलं नाही, जागा बदलली एवढंच. फाइलींचं काम सोपं असतं.

हे सगळं मी आता पुन्हा वाचलं. शिफ्टच्या लॉगबुकात कोणी असं लिहिलं असतं तर मी ते पान साहेबांपुढे नेऊन ठेवलं असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी डायलिसिस सुरू असताना सुशीला म्हणाली, "पाच तारखेला रायपूरले जायाचं हाय. मी सांगू का तुमी सांगता?"

मी विचारलं, काय?

"असं नोका करू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. आता आवाजात जोर आहे, म्हणून चढवायची गरज नसते. "तुमी पथ्य चुकले, ते मी कवाच सोडून देल्लं. माह्यासाठीच करत होते. पन तो मानूस आपले डोये तपासून आला."

मी सांगतो, म्हणालो.

५ मार्च, बुधवार

आजचा डायलिसिस रविवारवर ढकलून सकाळी निघालो. धुकं नव्हतं, असतं तरी गेलो असतो.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला. फॉस्फरस ३.४. सुशीलाला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. ती उठली, बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा कोणी सांगितलं नसताना उठली. मॅडम हसल्या.

मी म्हणालो, "मॅडम, जानेवारीचा रिपोर्ट मी पाठवला नव्हता. तुमच्याकडे सुटला नाही. मी खोटं बोललो."

 मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का नाही पाठवला?"

"आकडा चांगला वाटला म्हणून."

"आणि खोटं?"

"तुम्ही विचारायच्या मिनिटभर आधी खालची ओळ वाचली होती."

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "कापगते साहेब, पथ्याची चूक मी समजू शकते. मीही तुमची भेट रद्द होऊ द्यायला नको होती. पण मी महिनाभर चुकीच्या माणसावर संशय घेत होते. हे मला नाही, त्यांना सांगा." आणि बेल वाजवली.

भैय्याजी आले. नवा चष्मा. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठेच असतील. मी उभा राहून हिंदीत सांगितलं, सगळं. माझं हिंदी चांगलं आहे, पण आज शब्द जड गेले. हात जोडले.

त्यांनी आधी सुशीलाकडे पाहून विचारलं, "भाभीजी अब ठीक हैं?" मग माझ्याकडे वळले. "मैंने तो घर में कह दिया था कि अब दिमाग जवाब दे रहा है. बहू पैसे मेरे हाथ में नहीं देती अब, भूल जाएंगे करके." खिशातून फोन काढून म्हणाले, "घर का नंबर देता हूं. जो यहां बोला, वही उसको भी बोल दीजिए."

त्यांनी मला माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी क्लिनिकच्या पायरीवर उभं राहून त्यांच्या सुनेला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबूजी को फोन दीजिए. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि दूर जाऊन उभा राहिलो. ते बोलताना पाठमोरे होते. चष्मा काढून हातात घेतला होता त्यांनी.

परतताना गाडी वाटेतल्या कुम्हारीला पोचली होती. सुशीला म्हणाली, "एक गोष्ट सांगू? हा महिनाभर तुमच्या हातून सुई लावून घेताना मले भेव वाटत होतं."

"हात थरथरते म्हनून?"

"नाई. हात चांगला हाय तुमचा. उद्या काई चुकलं तं तुमी सांगसान का नाई, ह्याचं भेव." खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आता नाई वाटत."

 तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. पर्समधून फुटाण्याची पुडी काढली आणि खायला लागली.

६ मार्च, गुरुवार

सात वाजता सुरू. तिनं माप भरलं, दोघांनी मोठ्यानं वाचलं, मी कॅनमध्ये सोडलं. दुसरी सुई पहिल्यांदा नीट बसली नाही, थोडं सुजलं. काढून बर्फ लावला, पुन्हा लावली, मग बसली. डायलिसिसच्या वहीत लिहायला घेतलं तेव्हा क्षणभर वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं काय लिहायचं.

लिहिलं. ती वही डॉक्टरांना दाखवायची आहे.